पहिल्या मोजणीचे मोल

दर चार वर्षांनी अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वारे वाहू लागले की त्यांची झुळूक हैदराबादेत इतर कोणत्याही भारतीय शहराच्या आधी पोहोचते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आयोवा राज्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हैदराबादेत दुसऱ्या दिवसाची सकाळ साडेसहाला टेकलेली असते. त्यामुळे तेथील पक्षसभांचे आणि पाठोपाठ येणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीचे पहिले आकडे या शहरातील असंख्य तेलुगू आणि मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबरच येतात. मुलगा टेक्सासला, मुलगी न्यू जर्सीत, अशी कुटुंबे आता गल्लोगल्ली आहेत. चिलकूरच्या बालाजीला ११ प्रदक्षिणा घालून व्हिसा मागायचा आणि तो मिळाल्यावर १०८ प्रदक्षिणा घालून नवस फेडायचा, हा तर या शहराचा लोकाचारच होऊन बसला आहे. २००८ मध्ये अमेरिकेने येथे आपली वकिलात उघडली ती काही उगीच नव्हे. तेव्हा परदेशातील या निवडणुकीकडे लागलेले डोळे आम्ही हास्यास्पद मानीत नाही. ज्यांची मुले तेथील कायद्यांच्या छायेत राहतात, त्यांनी तेथील कायदे करणाऱ्यांची चौकशी करावी यात गैर ते काय?

परंतु हे निकाल ज्या रीतीने वाचले जातात त्या रीतीबद्दल बोलले पाहिजे, कारण तीच रीत आपण आपल्या घरच्या निकालांनाही लावीत असतो. कोण आघाडीवर आहे, एवढा एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळाले की निकाल लागला असे समजून मोकळे व्हायचे, ही ती रीत. २०२० सालची हकिकत पाहा. डेमोक्रॅटिक पक्षाच्या आयोवातील सभा ३ फेब्रुवारीला झाल्या आणि आकडे कळविण्याच्या यंत्रणेनेच दगा दिल्यामुळे त्या रात्री निकाल लागलाच नाही. पुढे लागला तेव्हा डोकी मोजली तर सँडर्स पुढे होते आणि प्रतिनिधी मोजले तर बुटिजेज केसभर पुढे होते, म्हणून दोघांनीही विजयाचा डंका पिटला. जो बायडेन चौथे आले होते. न्यू हॅम्पशायरात ते पाचव्या क्रमांकावर घसरले. चहाचा पेला हातात घेऊन त्या सकाळी ज्यांनी ज्यांनी बायडेन यांच्या नावावर काट मारली असेल, त्यांना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेच गृहस्थ अध्यक्ष म्हणून निवडून आलेले पाहावे लागले. उलट १९६८ च्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरात अध्यक्ष जॉन्सन यांनी सुमारे ४९ टक्के मते मिळवून पहिला क्रमांक पटकावला होता. मॅकार्थी यांना ४२ टक्के मिळाली, म्हणजे ते हरले. पण त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर करून टाकले. पहिला आलेला मैदान सोडून जातो आणि पाचवा आलेला सिंहासनावर बसतो, तेव्हा पहिल्या आकड्यांचा अर्थ क्रमांकात शोधणे व्यर्थ आहे हे उघड होते.

आयोवाच्या त्या पद्धतीत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आपल्याकडील उत्साही मंडळींचे फारसे लक्ष गेले नाही. ज्या उमेदवाराला सभेत १५ टक्के माणसेही मिळाली नाहीत, त्याच्या पाठीराख्यांना तेथल्या तेथे उठून आपल्या दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराच्या गटात जाऊन बसता येत असे. हरलेल्याचे मत वाया न घालविण्याची ही एक अडाणी वाटणारी पण अस्सल युक्ती होय. बहुतेक ठिकाणच्या प्राथमिक निवडणुकांत ही सोय नसते आणि नसली म्हणजे काय होते ते आमच्या बेळगावकर वाचकांना चांगले ठाऊक असावे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार (श्री हे त्यांचे नावच आहे, उपाधी नव्हे!) २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातील मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या गर्दीत सुमारे २८ टक्के मतांवर त्यांनी पक्षाची उमेदवारी जिंकली आणि नोव्हेंबरात ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले. बेळगावकरांना याचा आनंद झाला आणि तो व्हावा हे स्वाभाविकच आहे. तथापि सुमारे ७२ टक्के मते दुसऱ्यांना पडली होती आणि ती आठ ठिकाणी विखुरली होती, हेही त्याच निकालाच्या कागदावर लिहिलेले आहे.

आता, पहिली मोजणी आणि अखेरची मोजणी यांतले अंतर समजून घेण्यासाठी हैदराबादकरांना सातासमुद्रापलीकडे जाण्याची मुळीच आवश्यकता नाही. आपल्या देशाच्या राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली अशी निवडणूक एकदाच झाली, ती १९६९ साली. तिच्यातील तिन्ही प्रमुख उमेदवारांचे धागे या शहराशी किंवा या शहराच्या भाषेशी जुळलेले होते. त्यांतला तिसरा तर आपला, मराठी माणूस होता.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. त्या पदावर असताना मृत्यू पावलेले ते पहिले राष्ट्रपती. डॉ. हुसेन यांचा जन्मही हैदराबादचाच. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. नवा राष्ट्रपती कोण, हा प्रश्न जुलैमध्ये काँग्रेसच्या बंगळूर अधिवेशनाच्या वेळी पक्षाच्या संसदीय मंडळापुढे आला. हे मंडळ म्हणजे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या मनात जगजीवनराम होते. कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील प्रभृती धुरीणांनी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. यशवंतराव चव्हाणांनीही आपले मत रेड्डींच्या पारड्यात टाकले आणि बहुमताने रेड्डी हे काँग्रेसचे उमेदवार ठरले. पक्षाच्या अध्यक्षस्थानी तेव्हा निजलिंगप्पा होते. सीमाभागातील वाचकांना त्यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. अमेरिकेत ज्या निवडीसाठी लक्षावधी सामान्य मतदार थंडीत रांगा लावतात, ती निवड आपल्याकडे एका खोलीत, एका बैठकीत उरकली गेली. तिचे परिणाम मात्र साऱ्या देशाला भोगावे लागले.

रेड्डी म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबादेत आंध्र प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतलेले गृहस्थ. त्याच दिवशी निजामाच्या जुन्या हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे म्हैसुरात. त्या म्हैसुराबरोबर भालकीचा मराठी माणूस कसा ओढला गेला, ही कहाणी आमच्या वाचकांनी सोसलेलीच आहे. १९६९ सालच्या त्या उन्हाळ्यात हैदराबाद शहर दुसऱ्याच आगीत होरपळत होते. स्वतंत्र तेलंगणासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि गोळीबार होत होते. आपल्या राज्याचा पहिला मुख्यमंत्री राष्ट्रपती होणार की नाही, हा प्रश्न त्या शहराने अशा धामधुमीत ऐकला.

बंगळूरनंतरच्या घटना सर्वश्रुत आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. मोरारजींचे अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलै रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दुसऱ्याच दिवशी गिरी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. पंतप्रधानांनी रेड्डींच्या नावाला संमती दिलेली होती. पण निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांकडे दुसऱ्या पसंतीची मते मागावयास गेले, हे निमित्त करून त्यांनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या अशी हाक दिली. गिरींच्या मागे कम्युनिस्ट, द्रविड मुन्नेत्र कळघम, अकाली इत्यादी पक्ष उभे राहिले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी मात्र आपला उमेदवार वेगळा ठेवला. त्यांचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणराव म्हणजे मॅट्रिकला पहिले, आय. सी. एस. ला पहिले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ज्यांचे सारे आयुष्य पहिल्या क्रमांकात गेले, ते या एकाच स्पर्धेत तिसरे आले. परंतु महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते या पहिलेपणासाठी नव्हे. १९५६ च्या जुलैमध्ये केंद्राचे अर्थमंत्री असताना मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी मंत्रिपद फेकले आणि लोकसभेत उभे राहून मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का होत नाही, असा जाब विचारला. दिल्लीच्या दरबारात मराठी माणसाचा कणा ताठ असू शकतो, हे त्या दिवशी दिसले. १९६९ मध्ये ज्या पक्षांनी त्यांना उभे केले त्यांच्याशी त्यांचे कितपत जमत होते, याविषयी मतभेद होऊ शकतील. स्वभावाने ते पक्षीय गृहस्थ नव्हतेच. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई या आंध्र महिला सभेच्या संस्थापक, म्हणजे ज्या आंध्राचे रेड्डी, त्याच आंध्राच्या लेक. दुर्गाबाईंच्या नावाचे रुग्णालय हैदराबादच्या विद्यानगरात आजही उभे आहे.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले आणि २० ऑगस्टला दिल्लीत मोजणी. राष्ट्रपतीची निवडणूक कशी होते हे आपल्यापैकी पुष्कळांना नीट माहीत नसते, म्हणून दोन वाक्ये. संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद मतदान करतात. प्रत्येकाच्या मताला लोकसंख्येच्या हिशेबाने ठरलेले मूल्य असते आणि मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असा पसंतिक्रम लिहावयाचा असतो. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक मूल्य मिळाले नाही, तर तळाच्या उमेदवारांना एकेक करून बाद करायचे आणि त्यांच्या पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटून द्यायच्या. १९६९ मध्ये खासदाराच्या एका मताचे मूल्य ५७६ होते.

पहिली मोजणी संपली तेव्हा चित्र असे होते : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. उमेदवार होते एकूण १५. त्यांपैकी पाच जणांना एकही मत पडले नाही आणि एकाला नेमके ५७६ पडले. जिंकण्यासाठी ४,१८,१६९ इतके मूल्य हवे होते. गिरी ८७,९६७ ने पुढे होते खरे, पण उंबरठ्यापासून १६,६५४ ने दूर होते. पहिल्याच मोजणीत राष्ट्रपती न ठरण्याचा हा देशातील पहिला प्रसंग. मग तळाचे एकेक बाद होत गेले आणि अखेरीस चिंतामणरावांच्या पत्रिका उघडून त्यांवरील पुढच्या पसंतीचे आकडे पाहण्याची वेळ आली.

येथे वाचकांनी किंचित थांबावे अशी आमची विनंती आहे. कारण 'गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले' हे वाक्य गेली अनेक दशके शाळेच्या पुस्तकापासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत सर्वत्र ऐकू येते, आणि आकडे पाहिले तर ते वाक्य अर्धसत्य ठरते. अखेरची बेरीज झाली तेव्हा गिरींच्या नावावर ४,२०,०७७ आणि रेड्डींच्या नावावर ४,०५,४२७ इतके मूल्य जमा होते. म्हणजे पहिल्या मोजणीनंतर जी मते वाटली गेली त्यांतून गिरींना मिळाली १८,५६२ आणि रेड्डींना ९१,८७९. प्रत्येक एका मतामागे रेड्डींकडे जवळजवळ पाच मते गेली! दुसऱ्या पसंतीने कौल दिला तो रेड्डींना. ८७,९६७ ची आघाडी ओसरत ओसरत १४,६५० वर आली आणि तेथे थांबली. गिरी जिंकले ते पहिल्या पसंतीत साठविलेल्या शिध्यावर. दुसऱ्या पसंतीने तो शिधा वाढविला थोडा, आणि प्रतिस्पर्ध्याला दिले ताट भरून. शिधा पुरला, म्हणून ते राष्ट्रपती झाले.

१४,६५० म्हणजे किती? खासदाराचे मत ५७६ चे. ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले की फरक ११५२ ने बदलतो. याचा अर्थ अखेरच्या मोजणीत अवघ्या १३ खासदारांचा पसंतिक्रम उलटा असता, तर राष्ट्रपतिभवनात गिरींच्या जागी रेड्डी गेले असते. मग नोव्हेंबरातली काँग्रेसची फूट झाली असती की नाही, झाली असती तर कोणती बाजू खरी ठरली असती, हे सांगणे कठीण आहे. आणखी एक हिशेब आहे. सुमारे १०,८३३ इतक्या मूल्याच्या पत्रिका अशा होत्या की ज्यांवर गिरी किंवा रेड्डी यांपैकी कोणाचीच पुढची पसंती उपयोगी पडली नाही. त्या शेवटच्या मोजणीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. आपला उमेदवार हरला की आपले काम संपले, असे मानणारे काही लोकप्रतिनिधी तेव्हाही होते, एवढाच याचा अर्थ.

चिंतामणरावांना ज्यांनी पहिली पसंती दिली त्यांना ते निवडून येणार नाहीत हे ठाऊक नव्हते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. १,१२,७६९ हा आकडा विजयाचा नाही. तरी देशातील सर्वोच्च पद कोणाकडे जाणार हे ठरविण्याची किल्ली काही तास याच आकड्याच्या खिशात होती. त्या तासांत दिल्लीतील बड्या बड्या धुरीणांच्या नजरा एका हरलेल्या मराठी माणसाच्या पत्रिकांवर खिळल्या होत्या. अल्पसंख्य असलेल्यांनी, नेहमी तिसरे येणाऱ्यांनी या गोष्टीकडे नीट पाहावे.

जाता जाता एक नोंद. त्या १५ जणांच्या यादीत दुसरे एक मराठी नाव आहे, पांडुरंग नाथुजी राजभोज यांचे. १९५२ मध्ये सोलापूरहून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे लोकसभेवर गेलेले हे दलित पुढारी. त्यांना ८३१ इतके मूल्य मिळाले. इतिहासकार अशा आकड्यांवरून नजर फिरवून पुढे जातात. आम्हाला मात्र तो आकडा वगळावासा वाटत नाही.

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, खुद्द राष्ट्रपती गिरी साक्षीसाठी हजर झाले आणि अखेर आव्हान फेटाळले गेले. रेड्डी काही वर्षे अनंतपुराकडे शेती करीत राहिले. १९७७ मध्ये आंध्रातून जनता पक्षाचे एकटे तेच लोकसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी राष्ट्रपतिपदासाठी आलेल्या ३७ अर्जांपैकी ३६ बाद झाल्यामुळे बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९६९ मध्ये ज्या पदासाठी एकेक पत्रिका मोजली गेली, त्यासाठी या वेळी एकही मोजावी लागली नाही. जुलै १९८२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २ ऑक्टोबर रोजी, चिंतामणराव देशमुख हैदराबादेतच निवर्तले.

मतांच्या मूल्याविषयी एक मुद्दा उरतो आणि तो सीमाभागाला सोडून पुढे जाता येत नाही. १९७१ ची लोकसंख्या धरून ठरलेल्या हिशेबाप्रमाणे २०२२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते, कर्नाटकाच्या आमदाराचे १३१, तेलंगणाचे १३२, गोव्याचे २०. बेळगाव, खानापूर, निपाणी, भालकी येथील मराठी माणसांची डोकी १३१ च्या खात्यात मोजली गेली. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतसुद्धा माणूस कोणत्या वहीत लिहिला आहे यावर त्याच्या प्रतिनिधीचे वजन ठरते. ही गोष्ट तक्रार म्हणून सांगत नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो.

पक्षाने आपला माणूस कसा निवडावा, हा प्रश्न अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकांनी सोडविला आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण तो प्रश्न तेथे उघड्यावर मांडला जातो, हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडे याचा जवळचा नमुना म्हणजे काँग्रेसच्या अध्यक्षाची निवडणूक. एके काळी त्या अध्यक्षालाच राष्ट्रपती म्हणत असत. १९५० साली या पदासाठी पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव असे तिघे उभे होते. टंडनांना १,३०६, कृपलानींना १,०९२ आणि शंकररावांना २०२ मते मिळाली. तिघांची बेरीज २,६००, म्हणजे टंडन निम्म्याच्या वर फक्त सहा मतांनी गेले. तेथेही तिसरा मराठीच, आणि पुढे संयुक्त महाराष्ट्र परिषदेची धुरा वाहणारा! २०२२ च्या ऑक्टोबरात याच पदासाठी भालकी तालुक्यातील वरवट्टी येथे जन्मलेले मल्लिकार्जुन खर्गे यांनी शशी थरूर यांच्यावर ७,८९७ विरुद्ध १,०७२ असा विजय मिळविला. तेलंगणातील मतदानाबद्दल थरूर यांच्या बाजूने तक्रारीही झाल्या होत्या. निकाल काय लागणार हे आधीच सर्वांना कळले होते, म्हणून त्या मोजणीच्या दिवशी कोणाचा चहा थंड झाला नाही.

आता घरचे. विधानसभेच्या निवडणुकीत मतदाराला १, २, ३ लिहिण्याची सोय नाही. एकच शिक्का, एकच बटण. ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, मग बाकीची सारी विखुरलेली का असेनात. मिशिगनमध्ये २८ टक्क्यांनी जे साधले ते सीमाभागात आपल्याविरुद्ध वारंवार साधले गेले आहे. २०१३ मध्ये एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले. २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्येही एकही नाही. याची कारणे अनेक आहेत आणि सगळीच आपल्या हातातली नाहीत. पण एकाच मतदारसंघात एकाच ध्येयाचा जयजयकार करणारे दोन-दोन उमेदवार उभे राहणे, हे कारण तर निखालस आपले आहे. अधिकृत कोण आणि बंडखोर कोण याचा वाद मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू राहतो, आणि मोजणीच्या दिवशी पहिल्या फेरीची आघाडी पाहून आपण हळहळत बसतो.

बंगळूरच्या खोलीत जे घडले तेच आपल्या तालुक्यांत लहान प्रमाणावर घडते. चार ज्येष्ठ बसतात, एक नाव ठरते, दुसऱ्याचे कार्यकर्ते रुसतात आणि सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून तिसरीकडेच काम करतात. यावर उपाय महागडा नाही. प्रत्येक मतदारसंघात समितीच्या नोंदलेल्या सभासदांनी उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक महिना आधी एका दिवशी मतदान करावे. इच्छुकांची नावे पत्रिकेवर छापावी आणि सभासदाने त्यांपुढे १, २, ३ असा क्रम लिहावा. मोजणी राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्याच रीतीने, सर्वांसमक्ष, तळापासून एकेक बाद करीत करावी. ज्याला यात उतरायचे असेल त्याने आधीच लिहून द्यावे की आपण हरलो तर अर्ज भरणार नाही. गावातील शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक किंवा वकील ही मोजणी सहज करू शकेल. चार टेबले, एक फळा आणि खडू एवढेच साहित्य लागते.

मोठमोठे पुढारी यावर म्हणतील की अशाने भांडणे चव्हाट्यावर येतील. ती आजही चव्हाट्यावरच आहेत. फरक इतकाच पडेल की ती निवडणुकीच्या आधी येतील, आणि जो तिसरा येईल त्याच्या कार्यकर्त्यांची दुसरी पसंती कोणाकडे गेली ते फळ्यावर सर्वांना दिसेल. पहिल्या आलेल्याला त्या आकड्यावरून आपण कोणाच्या दारात आधी जायला हवे हे कळेल. कर्नाटक विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ मध्ये अपेक्षित आहे, आणि सभासदांच्या याद्या करण्याचे काम आजपासून हाती घेतले तरच ते वेळेवर पुरे होण्यासारखे आहे.